मेणातला तुकडा

वडवणी, १२ एप्रिल २०२५

चि. विजयमाला,

उत्तरेश्वरदादाच्या डोक्यातली गाठ चौथ्या दर्जाची आहे. संभाजीनगरला ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, तिथल्या डॉक्टरांनी काल दुपारी मला आणि संगीतावहिनीला आत बोलावून तसं सांगितलं. रिपोर्टवरही तेच छापलंय. ग्लायोब्लास्टोमा असावा असा त्यांचा अंदाज आहे, पण पक्कं सांगायला आणखी तपासण्या लागतील. दादाला आम्ही 'गाठ होती, काढली' एवढंच सांगितलं आहे.

एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या खुर्चीनं मला ही खोड लावली. कुठली गाडी कुठं बंद पडली आणि कुणी कळवलं ते आधी, बाकीचं मागून. तुझी खुशाली विचारायची राहिलीच. तू आणि जावई बरे असाल.

"फोन करू नका, काही असेल तर लिहा," असं तू त्या दिवशी रस्त्यावर उभी राहून म्हणाली होतीस. अण्णांची चिता शेतात पेटली होती आणि तुझ्या लग्नाच्या रागानं दादानं तुला बापाच्या चितेसाठीही बांधाच्या आत येऊ दिलं नव्हतं. तू सगळं रस्त्यावरूनच पाहिलंस. त्यानंतर दर दिवाळीला मी तुझ्या हैदराबादच्या संस्थेच्या पत्त्यावर कार्ड टाकत आलो. उत्तर आलं नाही, आणि मी त्याची तक्रारही करत नाही. आज लिहितोय ते दादानं लिहायला सांगितलं म्हणून.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. दादाची टोळी कर्नाटकात एका साखर कारखान्यावर ऊसतोडीला होती. दादा फडात उभा राहून मोळीला मोळी म्हणेना. 'ते उचला, ते, ते' असं म्हणायचा. माणसं हसली. मुकादम सकाळीच पिऊन आला असं त्यांना वाटलं. मग तो टोळीतल्या साखराबाईला तिच्या मेलेल्या सासूच्या नावानं हाक मारू लागला, आणि एका दुपारी ट्रॅक्टरजवळ फेफरं येऊन पडला.

ऑपरेशननंतर बोलणं बरंच परत आलंय. परवा वहिनी डबा आणायला खाली गेली तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं.

"डॉक्टर लोक गोड बोलतेत. तुझी वहिनी रडती. तू तर काय, लहानपणापासनं गोलगोल. मालीला इचार."

"काय विचारू?"

"दिवाळीनंतर टोळी घिऊन जाईन का न्हाई. हो का न्हाई, एवढंच."

"तीच कावून?"

"ती माझ्यावर खार खाऊन हाय. ती खोटं बोलायची न्हाई."

तू मेंदूच्या गाठींवरच काम करतेस हे त्याला कुठून कळलं, मला ठाऊक नाही. मी कधी बोललो नव्हतो. घरात तुझं नाव निघत नव्हतं.

त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत वर लिहिला आहे. माझ्याकडून त्यात काही भर घालत नाही.

भागवत


वडवणी, ३० एप्रिल २०२५

चि. विजयमाला,

दादाचा शेक, म्हणजे रेडिएशन, येत्या सोमवारी सुरू होतोय. हॉस्पिटलातून आज सकाळी फोन आला, तो संगीतावहिनीनं घेतला. सहा आठवडे चालेल, शनिवार-रविवार सुट्टी. शेकाबरोबर गोळ्याही आहेत. तिथं हॉस्पिटलजवळ एक खोली पाहिली आहे. सुट्टीला मी त्यांना घरी आणत जाईन.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, वर 'प्रिय' नाही, खाली 'तुझी' नाही. तरी मी ते दादाला जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यामुळं डॉक्टरांनी आणि आम्ही झाकून ठेवलेलं सगळं उघडं पडलं. बरंच झालं असं आता वाटतं.

तू लिहिलंयस की या पेशी एका जागी बसत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आणि मज्जातंतूंच्या धाग्यांवरून सरकत लांब जातात, त्यामुळं सर्जननं दिसेल तेवढं सगळं काढलं तरी काही मागे राहतातच. त्यांतल्या काही अशा, की एकीपासून सबंध गाठ पुन्हा उभी राहावी. हे वाचून झाल्यावर दादा म्हणाला, "म्हंजी खोडवा."

"हां, खोडव्यासारखंच."

"सारखं न्हाई बे, खोडवाच. वरून ऊस कितीबी साफ तोडा, बुडखा जमिनीत हाय तवर फुटणारच." मग म्हणाला, "आन् भागवत, खोडवा नव्या लागणीपेक्षा लवकर येतो."

त्यावर मी पान उलटलं.

गोळीचं मी माझ्यापुरतं असं समजून घेतलंय. गोळी पेशीच्या आतल्या जनुकांची मोडतोड करते. पेशीत ती मोडतोड दुरुस्त करणारं एक प्रथिन असतं, म्हणजे आपल्या डेपोतला मेकॅनिक. ज्या जनुकातून हा मेकॅनिक तयार होतो ते कुलूपबंद असेल, तर गोळीनं बिघडवलेली गाडी बिघडलेलीच राहते आणि पेशी मरते. कुलूप नसेल तर तो रातोरात दुरुस्ती करून गाडी पुन्हा रस्त्यावर काढतो. म्हणून मेकॅनिक झोपलेला हवा. दुसरी तपासणी आयडीएच नावाच्या जनुकाची. त्यात बदल झालेला निघाला तर गाठ त्यातल्या त्यात सावकाश चालणारी, माणसाला काही वर्षं मिळतात. दादाच्या वयात तसं निघू शकतं, पण खात्री नाही. हे दोन्ही कळल्याशिवाय हो का नाही ते सांगता येणार नाही, असं तुझं म्हणणं. बरोबर समजलो ना?

तुला हवा असलेला ब्लॉक, म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात बसवलाय ती मेणाची वडी, हॉस्पिटलनं पाकिटात घालून आमच्याकडे दिलेली आहे. घरी देवळीत ठेवली होती. उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी. शुक्रवारी पोस्ट उघडलं की तू दिलेल्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतो.

दादाच्या टाक्यांमधून अजून पाणी येतंय, आई त्यावरून फार काळजीत आहे. बाकी ठीक.

भागवत


वडवणी, १९ मे २०२५

चि. विजयमाला,

ब्लॉक सापडलेला नाही. आईनं तो पुरला आहे. काल तिनं स्वतःच्या तोंडानं माझ्यासमोर कबूल केलं. कुठं पुरला ते सांगत नाही.

मागच्या पत्रात 'पाठवतो' लिहिलं, तेव्हाच पाकीट देवळीत नव्हतं. वाटलं, वहिनीनं हलवलं असेल, शुक्रवारपर्यंत मिळेल. नंतर पोस्टात गर्दी असल्याचं तुला मेसेज करून कळवलं, तेही खरं नव्हतं. आईचं नाव यायला नको होतं. आता लपवून उपयोग नाही.

तू चिडण्याआधी तिची बाजू ऐक. गेल्या हंगामात साखराबाईचं बोट कोयत्यानं तुटलं. ते तिथंच कर्नाटकात फडाच्या कडेला मीठ घालून पुरलं, आणि तिची जखम कितीतरी दिवस चिघळत राहिली. परक्या मातीत पुरलं म्हणून, असं आईचं ठाम मत. तुटलेला अवयव आपल्याच मातीत, मीठ-हळदीसह ठेवायचा, हे तिच्या माहेरीही आणि आपल्याकडंही चालत आलेलं. दादाचे टाके ओले. तशात संगीतावहिनी सहज बोलून गेली की त्या पाकिटात त्यांच्या डोक्यातला तुकडा आहे आणि तो हैदराबादकडं जायचाय.

काल अंगणात आमचं बोलणं झालं ते असं.

"आये, तो तपासायला पाहिजे. माला थांबलीय त्याच्यासाठी."

"पुरला आन् चौथ्या दिशी टाके वाळले. आता उकरून काढू व्हय?"

"डॉक्टरनं औषध बदललं होतं."

"औषध तर आधीबी देतच व्हते की."

मग तू फोनवरच्या मेसेजात लिहिलेलं मी तिला सांगितलं, की तो तुकडा आता जिवंत नाही, औषधात बुडवून मेणात घातलेला आहे, त्याला काही लागत नाही, दुखत नाही.

"जित्ता न्हाई म्हणतूस. मग मातीतच असू दे. जित्ता असला, तर माझ्या लेकाजवळ असू दे. गावोगाव हिंडवायचा कावून?"

ती सूप हातात घेऊन उठली, आणि जाता जाता म्हणाली, "माली माझ्या लेकाचं मांस काचंखाली घालून बघणार, आन् त्याचं तोंड बघणार न्हाई?"

हे लिहावं की नाही, याचा मी विचार केला. ती बोलली, म्हणून लिहिलं.

हॉस्पिटलात जाऊन आलो. त्यांच्याकडं आणखी दोन वड्या आहेत, पण त्यांत बहुतेक मेलेलं मांस आहे, तपासणीला पुरणार नाही असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. ही गाठ इतक्या घाईनं वाढते की तिच्या स्वतःच्याच पोटाला रक्त पुरत नाही. मधला भाग कुजतो आणि त्याच्या कडेनं पेशी दाटी करून उभ्या राहतात. चांगला तुकडा आला होता तो याच वडीत.

शेतातले बांध मी जमेल तेवढे उकरून पाहिले. दुपारी काळी माती तव्यासारखी तापते. त्यात मेण किती टिकलं असेल, तू सांग.

दादाला यातलं काही माहीत नाही. तो दर शनिवारी आला की विचारतो, "आलं का मालीचं?" मी म्हणतो, तपासणीला वेळ लागतो.

भागवत


वडवणी, १० जून २०२५

चि. विजयमाला,

ब्लॉक मिळाला. परवा रविवारी सकाळी आईनंच खुरप्यानं उकरून काढला आणि काल मी बीडला जाऊन तो कुरिअरनं रवाना केला. तू सांगितलंस तसा थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्या घालून. वडी अखंड आहे. कोपरासुद्धा वितळलेला नाही.

तू त्या दिवशी वहिनीच्या फोनवर फोन केलास, तिथून हे सुरू झालं. वहिनीनं तुला काय ऐकवलं ते मला नंतर कळलं. तिच्या वतीनं मी माफी मागत नाही, तिचंही चुकलेलं नव्हतं. तुझ्या दुसऱ्या पत्रात तू तुझ्या स्वतःच्या कामाबद्दल लिहिलं होतंस, की गाठीच्या पेशी मेंदूतल्या चांगल्या पेशींशी जोड करून घेतात आणि त्यांच्या निरोपांवर वाढतात. दादानं ते दोनदा वाचून घेतलं. "म्हंजी मी बोललो की ती आईकती?" असं विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून गप्पच झाला. शेकाच्या खोलीत गप्प, जेवताना गप्प. पाणी हवं असलं तर बोट दाखवायचा. गाठीला उपाशी मारत होता तो. वहिनीला वाटलं वाचा गेली. खरं कळल्यावर ती कपाळाला हात लावून मला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं काय लिवलं बघा, चांगला माणूस मुका केला."

तू फोनवर म्हणालीस, "दादा, बोल. बोलल्यानं गाठ वाढत नाही. मी तसं लिहिलं नव्हतं." सात वर्षांत त्याच्याशी तुझं पहिलं वाक्य. तो फोनवर वाकला. मग "दिवाळी?" एवढंच बोलला. आणि तू म्हणालीस, "वडी मिळू दे, मग सांगते."

"कंची वडी?" असं त्यानं वहिनीला विचारलं, आणि मग सगळं त्याला सांगावं लागलं.

रविवारी तो भिंतीला धरत धरत आईपाशी गेला. उजवा पाय ओढतो. शब्द पुन्हा हरवायला लागलेत.

"आये. ती... मेणाची. काढ."

"कावून रं?"

"मला कळू दे."

"कळून काय करतूस?"

"मानसं हायती माझी. ती... माझ्या भरवशावर बसलीत. दुसरीकडं जातेली, नसलो तर. सांगाय पायजे."

आई उठली. खुरपं घेतलं आणि घरामागं, न्हाणीच्या पलीकडं गेली. मी पन्नास जागा उकरल्या आणि ही सोडली होती. न्हाणीचं पाणी तिथं मुरतं, माती कायम ओली आणि गार असते. म्हणून मेण टिकलं. मी विचारलं, इथंच का? तर म्हणाली, "त्याच्या जलमाची वार हितंच पुरलीती मी. आनखी कुठं पुरणार?"

वडी तिनं पदरानं पुसली. वर चिमूटभर हळद लावली आहे, ती मी पुसू शकलो नाही. तुझ्या लॅबवाल्यांना आधीच सांगून ठेव.

भागवत


वडवणी, ४ जुलै २०२५

चि. विजयमाला,

निकाल मिळाला. तुझ्या हातचं पत्र सोमवारी दुपारी पोस्टमननं स्टँडवर दिलं. आयडीएच बदललेलं नाही, आणि मेकॅनिक जागा आहे. म्हणजे दोन्हीकडून वाईट. संभाजीनगरच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनीही मान हलवली. गोळ्या चालू ठेवता येतील, पण फार भरवसा धरू नका, असं त्यांनी सांगितलं.

वहिनीला मी बाहेर बाकड्यावर बसवून सगळं समजावलं. तिनं एवढंच विचारलं, "गोळ्या बंद केल्या तर मी सकाळी त्यांना काय देऊ?" गोळ्या चालू ठेवल्या आहेत.

तुझं पत्र या वेळी टाइप केलेलं नाही. अक्षर अजून तेच, 'ळ' ला गाठ मारतेस. आईला तुझा निरोप दिला, की वडी सुखरूप पोचली आणि हळद सहज निघाली. तिनं विचारलं, उरली तर परत देतील का. मी हो म्हटलं. चुकीचं असेल तर कळव.

आता मुख्य गोष्ट. तू लिहितेस, 'मी कसं सांगू, तूच सांग.' माला, मी सांगणार नाही. त्यानं मला विचारलंच नव्हतं. मी सांगितलं तर त्याला वाटेल, भागवत पुन्हा गोलगोल बोलतोय, आणि 'न्हाई' म्हटलं तरी त्यात तो एखादी फट शोधील. तुझ्या 'न्हाई' मध्ये तो फट शोधणार नाही. म्हणून तर तुला विचारलं होतं. फोनवर सांग, पत्रात सांग, येऊन सांग. कसं ते तू ठरव.

तोवर तो विचारतो, "आलं?" आणि मी म्हणतो, "अजून न्हाई." तो माझ्या तोंडाकडं बघतो आणि मान वळवतो.

सूज उतरवायच्या गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल झाला आहे आणि भूक वाढली आहे. काल बाजाराचा दिवस होता. एका बैठकीला पावशेर भजी खाल्ली आणि वहिनीला म्हणाला, "आनखी." वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. सुधारणा आहे असं शेजारचे म्हणतात. आम्ही हो म्हणतो.

भागवत


वडवणी, ६ ऑक्टोबर २०२५

चि. माला,

गाठ मेंदूच्या दुसऱ्या अर्ध्यातही गेली आहे. शुक्रवारी एमआरआय केला आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म लावून मला दाखवला. दोन्ही अर्ध्यांना जोडणारा जो धाग्यांचा जाड पट्टा असतो, त्याच्यावरून ती पलीकडं सरकली. तू एप्रिलमध्ये लिहिलं होतंस तसंच. आता ऑपरेशन नाही, शेक नाही. वहिनीनं गोळ्यांचं पाकीट स्वतःच कपाटात ठेवून दिलं.

शब्द जवळजवळ गेले. एकच उरलाय, 'गाडी'. पाणी हवं असलं तरी गाडी, कूस बदलायची असली तरी गाडी, आईला हाक मारायची तरी गाडी. आयुष्यभर ट्रकची वाट बघत फडात उभा राहिलेला माणूस. आई म्हणते, असं लिही की तो सारखं तुझंच नाव घेतो, म्हणजे तू लवकर येशील. तो तुझं नाव घेत नाही. डॉक्टर म्हणाले, एखादा शब्द असा अडकून राहतो, त्यातून काही अर्थ काढू नका. मीही काढत नाही, आणि तुला खोटं लिहीत नाही.

तू काल स्टँडच्या फोनवर फोन केलास. शुक्रवारी येते म्हणालीस, आणि मग विचारलंस, "त्याला काय सांगू? तीन महिने झाले, माझ्याकडून ते लिहवलं नाही, बोलवलं नाही." गाडी लागली होती, लोक खिडकीशी भांडत होते, म्हणून मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो, हे पत्र स्पीडपोस्टनं टाकतोय.

तुला काहीच सांगावं लागणार नाही. ऑगस्टमध्ये पोळ्यानंतर साखराबाई आणि टोळीतली चार माणसं घरी आली होती. तेव्हा त्याला थोडे शब्द होते.

"मुकादम, यंदा कवा निघायचं?" साखराबाईनं विचारलं.

"दुसरी... टोळी बघा," दादा म्हणाला. "माझी न्हाई जायची."

"आसं काय बोलता? तब्येत तर खुलली की. गाल बघा."

"बघा म्हणलं ना. आत्ताच बघा. मागनं... जागा न्हाई भेटत."

मग तिनं बोट नसलेला हात त्याच्या पायाला लावला आणि सगळे उठले. ते गेल्यावर मी त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? वहिनीनं?

"कुनी न्हाई."

"मग?"

बरंच अडखळत, मध्ये मध्ये थांबत तो जे बोलला ते असं, "मालीनं सांगितलं न्हाई. चांगलं असतं तर... सांगितलं असतं. खोटं तिला येत न्हाई. म्हणून गप हाय ती."

आणि मग म्हणाला, "उगा छळू नगस तिला आता."

त्या दिवसानंतर त्यानं "आलं?" असं विचारलं नाही. मी तुला हे तेव्हाच कळवायला हवं होतं. नाही कळवलं. कळवलं तर तुझं येण्याचं कारण संपेल असं वाटलं. आता तू निघाली आहेस, म्हणून सांगतो. टोळीतली माणसं वेगवेगळ्या मुकादमांकडं लागली. सगळ्यांना काम मिळालं. वेळेत कळलं म्हणून मिळालं.

पुढं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी इथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं लिहितो. झोप वाढत जाईल. गिळणं आठ-पंधरा दिवसांत थांबेल. दिवाळी निघेल असं त्यांना वाटत नाही. दुखणार नाही, आणि दुखलं तर त्याचं औषध लिहून दिलं आहे. सोमवारी ते घरी येऊन बघून जाणार आहेत. आई दोन दिवस त्याच्या खोलीबाहेरच निजते. अण्णांच्या वेळचं काही तिनं माझ्याजवळ काढलं नाही. तुझ्याजवळ काढील. काढू दे.

हैदराबादची गाडी सकाळी बीडला येते. तिथून वडवणीच्या पहिल्या गाडीत बस. पावसानं वाहून गेलेला रस्ता दुरुस्त झाला आहे. गाड्या वेळेवर आहेत. जावई येत असतील तर त्यांनाही घेऊन ये. इथं कुणी काही बोलणार नाही. जो बोलायचा त्याचंच बोलणं गेलं. मी स्टँडवर आहेच. तिथून आपण दोघं बरोबर घरी जाऊ.

एक लक्षात ठेव. खोलीत शिरलीस की दाराजवळून तशीच पुढं जाऊ नकोस. ती त्याची उजवी बाजू आहे, आणि उजवीकडचं त्याला आता दिसत नाही. तू तिथं उभी राहिलीस तर तू आली आहेस हे त्याला कळणारच नाही. पायथ्याकडून वळसा घालून डावीकडं जा. खुर्ची तिथं ठेवली आहे.

तुझा भाऊ,
भागवत